कोळशाची पारख

'कोळसा उगाळावा तितका काळाच' अशी आपल्या भाषेत एक म्हण आहे. एखाद्या वाईट गोष्टीचा जितका तपास करावा तितके वाईटच बाहेर येते, अशा अर्थाने ती वापरतात. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने कोळसा सहाणेवर उगाळून पाहिला असेल. परंतु मुशीत घालून तापवून पाहिला नसेल. तसे त्याने केले असते, तर दिसण्यात सारखे काळे असणारे दोन कोळसे गुणांनी एकमेकांहून किती भिन्न असतात, हे त्याच्या ध्यानी आले असते.

आपल्या विदर्भात चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड ह्या भागांत दगडी कोळशाच्या मोठमोठ्या खाणी आहेत. तिकडे झारखंड राज्यात, दामोदर नदीच्या खोऱ्यात, धनबाद शहराजवळ झरियाच्या खाणी आहेत. चंद्रपूरच्या कोळशाचा एक तुकडा आणि झरियाच्या कोळशाचा एक तुकडा तुमच्यापुढे ठेवला, तर कोणता कोठला हे तुम्हांला सांगता येणार नाही. दोन्ही काळे, दोन्ही दगडासारखे कठीण, दोन्ही विस्तवावर धरले तर पेटणारे. तरीही चंद्रपूरचा कोळसा मुख्यतः वीजकेंद्रांकडे जातो आणि झरियाचा निवडक कोळसा पोलादाच्या कारखान्यांकडे जातो. झरियाचा कोळसा वीजकेंद्रात सहज जाळता येईल. परंतु चंद्रपूरच्या कोळशापासून पोलादाच्या कारखान्याला हवा असलेला कोक होणार नाही. असे का व्हावे? आणि कोणता कोळसा कोणत्या कामाचा, हे ओळखावे कसे? ह्या प्रश्नांची उत्तरे आपण ह्या पाठात पाहू.

प्रथम कोक म्हणजे काय, ते समजून घेऊ. लोणारी लाकूड जाळतो, पण त्याला पुरती हवा मिळू देत नाही. म्हणून लाकडाची राख न होता लाकडी कोळसा होतो. अगदी त्याच रीतीने दगडी कोळसा हवा लागू न देता खूप तापवला, म्हणजे त्यातील धूर, वायू आणि डांबर बाहेर पडते आणि मागे करड्या रंगाचा, कठीण, सच्छिद्र पदार्थ उरतो. हाच कोक होय. त्यात मुख्यत्वे कार्बन असतो, आणि कोळशात जी राख होती तीही सगळी असते. ह्या राखेची आठवण ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता हा कोक कोणाला लागतो, ते पाहू. लोखंड जमिनीत शुद्ध स्वरूपात क्वचितच सापडते. लोहखनिजात ते प्राणवायूशी, म्हणजे ऑक्सिजनशी, एकजीव झालेले असते. ते मोकळे करण्यासाठी झोतभट्टी नावाची उंच भट्टी वापरतात. तिच्या तोंडातून लोहखनिज, चुनखडक आणि कोक ह्यांचे थर आळीपाळीने आत सोडतात, आणि तळाशी असलेल्या नळ्यांतून तापलेल्या हवेचा जोराचा झोत आत सोडतात. ह्या भट्टीत कोकला एकाच वेळी तीन कामे करावी लागतात. पहिले काम उष्णता देण्याचे. दुसरे काम लोहखनिजातील प्राणवायू ओढून घेऊन लोखंड मोकळे करण्याचे. तिसरे काम मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तेच सर्वांत अवघड आहे. भट्टीतील शेकडो टनांचे ओझे कोकला आपल्या अंगावर पेलावे लागते, आणि पेलत असतानाच आपल्या तुकड्यांमधील फटींतून खालच्या हवेला वर जाण्यास वाट मोकळी ठेवावी लागते. भट्टीच्या तळाकडे लोहखनिज वितळून जाते, चुनखडक वितळून जातो; घट्ट आणि उभा राहतो तो एकटा कोक. तो भुगा होऊन बसला, तर भट्टीचा श्वासच कोंडतो.

म्हणूनच खाणीतला कोळसा जसाच्या तसा ह्या भट्टीत घालता येत नाही. पूर्वी युरोपातही लोखंड गाळण्यासाठी लाकडी कोळसाच वापरीत. त्यासाठी जंगलेच्या जंगले तोडली जात. पुढे इंग्लंडमध्ये लाकडाची टंचाई भासू लागली. दगडी कोळसा तेथे विपुल होता. पण त्यातील गंधकामुळे लोखंड बिघडत असे. १७०९ साली इंग्लंडमधील कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बी नावाच्या कारागिराने दगडी कोळशाचा कोक करून त्यावर लोखंड गाळून दाखवले. लाकडी कोळसा ठिसूळ असल्यामुळे फार मोठ्या भट्टीचे ओझे त्याला सोसत नसे. कोक कणखर असल्यामुळे पुढे भट्ट्या अधिकाधिक उंच बांधता आल्या, आणि स्वस्त लोखंडाचे युग सुरू झाले.

आपल्या देशात जमशेटजी टाटा यांनी पोलादाच्या मोठ्या कारखान्याचे स्वप्न पाहिले. ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. परंतु त्यांच्या मागे १९०७ साली कंपनी स्थापन झाली, १९११ साली साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपूर येथे, पहिले लोखंड बाहेर पडले आणि १९१२ साली पहिले पोलाद तयार झाले. कारखान्यासाठी जागा निवडताना लोहखनिज कोठे आहे, पाणी कोठे आहे, ह्याबरोबरच कोक होण्याजोगा कोळसा कोठून येईल, हेही पाहावे लागले. तो कोळसा झरियाचा होता.

सर्वच कोळशाचा कोक का होत नाही, हे आता पाहू. कोक होण्याजोगा कोळसा हवेवाचून तापवला, म्हणजे साधारण ३५० ते ५०० अंश सेल्सिअस तापमानाच्या दरम्यान एक विलक्षण गोष्ट घडते. त्याचे कण मऊ होतात, कणकेसारखे लिबलिबीत होतात आणि एकमेकांना चिकटतात. आतून निघणाऱ्या वायूंमुळे हा गोळा फुगतो. तापमान आणखी वाढले, की तो पुन्हा घट्ट होतो. त्यातील बुडबुड्यांच्या जागी छिद्रे राहतात आणि कणाकणांचा मिळून एक अखंड, मजबूत ढेप बनते. इतर कोळसे तापवले तर ते मऊही होत नाहीत आणि चिकटतही नाहीत. भुकटी आत घातली तर भुकटीच बाहेर येते. चंद्रपूरकडचा कोळसा ह्या दुसऱ्या जातीचा आहे. पाणी तापवून वाफ करण्यास तो उत्तम; परंतु कणाला कण जोडून ढेप बनवण्याचा गुण त्याच्या अंगी नाही.

कारखान्यात कोक करण्यासाठी विटांच्या उंच आणि अरुंद भट्ट्या ओळीने बांधलेल्या असतात. एकेका भट्टीची रुंदी अवघी अर्ध्या मीटरच्या आसपास असते. आत दळलेला कोळसा भरून दारे घट्ट लावतात आणि दोन्ही बाजूंच्या भिंती १००० अंशांहून अधिक तापवतात. सोळा ते वीस तासांनी दारे उघडली, म्हणजे लालबुंद कोकची भिंतच्या भिंत यंत्राने बाहेर ढकलतात आणि ती थंड करतात. निघालेला वायूही वाया दवडीत नाहीत. त्यातून डांबर आणि अमोनिया वेगळा काढतात आणि उरलेला वायू जळणासाठी वापरतात. ह्या रीतीने १०० किलो कोळशापासून साधारणपणे ७५ किलो कोक मिळतो.

आता आपण त्या राखेकडे वळू. कोळसा हा प्राचीन वनस्पतींपासून बनला, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका हे भूभाग एकमेकांना जोडलेले होते. त्या महाभूखंडाला गोंडवन असे नाव आहे, आणि ते आपल्या मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरूनच पडले आहे. भारतातील बहुतेक कोळसा त्या काळातला आहे. वाहत्या पाण्याबरोबर वनस्पतींचे अवशेष सखल जागी येऊन साचले, तेव्हा त्यांच्यासोबत बारीक माती आणि गाळही आला, असे भूशास्त्रज्ञ मानतात. ती माती कोळशाच्या कणाकणांत मिसळून गेली. शिवाय कोळशाच्या थरांमध्ये मातीचा दगड झालेले पातळ थरही असतात. कोळसा खणताना हे दगडही त्यात येतात. कोळसा जळतो; माती आणि दगड जळत नाहीत. त्यांचीच राख मागे उरते. भारतीय कोळशात राख जास्त असते, ह्याचे कारण हे आहे.

थोडे गणित करून पाहा. १०० किलो कोळशात १८ किलो राख आहे, असे समजा. त्यापासून ७५ किलो कोक झाला. वायू आणि डांबर उडून गेले. राख मात्र उडाली नाही. म्हणजे आता ७५ किलो कोकमध्ये १८ किलो राख आहे. शेकडा प्रमाण काढले तर ते २४ येते. कोळशात शेकडा १८ असलेली राख कोकमध्ये शेकडा २४ झाली! कोळशात २७ किलो राख असती आणि कोक तितकाच मिळाला असता, तर कोकमधील राखेचे प्रमाण शेकडा ३६ झाले असते. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक कोक निरुपयोगी.

नुसता निरुपयोगी असता तरी एक वेळ चालले असते. ही राख झोतभट्टीत गेली, म्हणजे ती वितळवून बाहेर काढण्यासाठी अधिक चुनखडक घालावा लागतो. राख आणि चुनखडक मिळून धातुमळी तयार होते. ती वितळलेली ठेवण्यासाठी अधिक उष्णता लागते. अधिक उष्णतेसाठी अधिक कोक लागतो. त्या जादा कोकबरोबर पुन्हा जादा राख येते. एवढे सगळे जिन्नस भट्टीत गेल्यावर लोहखनिजाला जागा कमी उरते आणि लोखंड कमी निघते. खाणीच्या तोंडाशी जो दगड हाताने बाजूला टाकता आला असता, तो रेल्वेने वाहून, भट्टीत भाजून, पुन्हा भट्टीत वितळवून अखेर बाहेर काढावा लागतो. प्रत्येक टप्प्यावर त्याच्यासाठी खर्च होत राहतो. म्हणून कोळसा धुण्याचे काम कोकभट्टीच्या आधीच उरकावे लागते.

परंतु धुण्याच्याही आधी कोळसा पारखावा लागतो. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण तुम्हांला ठाऊक आहे. भाताच्या बाबतीत ती खरी आहे. कारण सगळे तांदूळ एकाच वाणाचे असतात आणि एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतात. कोळशाच्या बाबतीत मात्र ही म्हण उपयोगी पडत नाही. एकाच ढिगात एक तुकडा चकचकीत आणि हलका असतो, तर शेजारचा मंद आणि जड असतो. मोठे तुकडे ढिगाच्या पायथ्याशी घरंगळत जातात, भुकटी मध्येच राहते. अशा ढिगातून वरचे दोन चांगले तुकडे उचलून आणले, तर ती ढिगाची परीक्षा झाली असे म्हणता येणार नाही.

म्हणून नमुना घेण्याचे एक शास्त्रच तयार झाले आहे. सरकत्या पट्ट्यावरून कोळसा जात असताना ठरावीक वेळाने पट्ट्याच्या पूर्ण रुंदीचा थोडा थोडा कोळसा काढून घेतात. तो चांगला आहे की वाईट, हे पाहायचे नाही. जो येईल तो घ्यायचा. असा जमवलेला कोळसा बारीक करून मिसळतात आणि त्याचा शंकूसारखा ढीग करतात. ढीग वरून दाबून सपाट करतात आणि भाकरीच्या चतकोरांप्रमाणे त्याचे चार भाग पाडतात. समोरासमोरचे दोन भाग ठेवतात आणि दोन टाकून देतात. ठेवलेला कोळसा आणखी बारीक करून पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. असे करत करत शेवटी एका लहान बाटलीत मावेल इतकी मैद्यासारखी भुकटी उरते. परीक्षेसाठी तिच्यातून एकेक ग्रॅम घेतात. मालगाडीभर कोळशाची प्रत आणि किंमत त्या ग्रॅमभर भुकटीवरून ठरते. नमुना घेणाऱ्याने जाणूनबुजून चकचकीत तुकडे वेचले, तर पुढचे सारे तराजू आणि सारी उपकरणे कितीही अचूक असली तरी खोटेच उत्तर देतील.

प्रयोगशाळेत चार गोष्टी प्रथम पाहतात. ग्रॅमभर भुकटी १०८ अंशांच्या आसपास तापवून पुन्हा तोलली, की जेवढे वजन घटले तेवढा ओलावा. दुसरी ग्रॅमभर भुकटी झाकण लावलेल्या मुशीत ९०० अंशांवर बरोबर सात मिनिटे ठेवतात. वजनात जी घट येते तिच्यातून ओलावा वजा केला, की उडून जाणाऱ्या द्रव्यांचे प्रमाण कळते. तिसरी ग्रॅमभर भुकटी हवेत ८१५ अंशांवर पुरती जाळतात. मागे उरते ती राख. ह्या तिन्हींची बेरीज शंभरातून वजा केली, म्हणजे उरतो तो स्थिर कार्बन. भारतात कोक होण्याजोग्या कोळशाची प्रतवारी मुख्यतः राखेवरून करतात. राख शेकडा १५ पर्यंत असेल तर तो 'स्टील ग्रेड एक', १५ ते १८ असेल तर 'स्टील ग्रेड दोन'. त्याहून अधिक असेल तर तो 'वॉशरी ग्रेड', म्हणजे आधी धुऊन मगच वापरायचा.

आता खरी गंमत पुढे आहे. राख कमी आहे एवढ्यावरून कोळशाचा कोक होईलच, असे नाही. त्यासाठी फुगण्याची परीक्षा घेतात. ग्रॅमभर भुकटी लहानशा मुशीत घालून, झाकण लावून, अडीच मिनिटांत ८२० अंशांपर्यंत तापवतात. मूस निवल्यावर झाकण काढून पाहतात. कोळसा कोक न होणारा असेल, तर आत भुकटीच दिसते. कोक होणारा असेल, तर भुकटीची फुगलेली गुंडी झालेली असते. तिची आकृती एका तक्त्यावरील आकृत्यांशी ताडून पाहतात आणि एकपासून नऊपर्यंत गुण देतात. सगळ्यांत जास्त फुगलेल्या गुंडीला नऊ. चंद्रपूर आणि झरिया ह्यांच्या कोळशांतील जो भेद डोळ्यांना दिसत नाही, तो ह्या साध्या परीक्षेत काही मिनिटांत उघड होतो.

गंधक आणि फॉस्फरस ह्यांचेही प्रमाण पाहतात. गंधक जास्त असेल, तर पोलाद तापवून ठोकताना त्याला तडे जातात. फॉस्फरस जास्त असेल, तर ते थंडीत ठिसूळ होते. झरियाच्या कोळशात गंधक थोडा असतो, हा त्याचा मोठा गुण. आसामच्या कोळशात राख कमी असते. परंतु गंधक फार असतो आणि त्याचा बराचसा भाग कोळशाच्या घटकांतच जडलेला असल्यामुळे धुऊन निघत नाही.

कोळसा किती धुतला जाईल, हे कारखाना चालवण्यापूर्वीच समजावे लागते. त्यासाठी जी परीक्षा आहे, ती आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. पेरणीपूर्वी भाताचे बी मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट बी वर तरंगते, भरलेले बी तळाशी बसते. कोळशाचेही तसेच; मात्र येथे जे तरंगते ते चांगले. शुद्ध कोळसा पाण्याच्या सुमारे सव्वा ते दीडपट जड असतो, आणि त्यातील दगड दुपटीहून जड असतात. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात. म्हणून पाण्याच्या १.४ पट, १.५ पट, १.६ पट जड असे द्रव तयार करून त्यांत एकामागून एक कोळसा टाकतात, आणि प्रत्येक द्रवात किती तरंगला व त्यात किती राख आहे, हे मोजतात.

समजा, एका खाणीच्या कोळशात शेकडा २८ राख आहे. १.४ च्या द्रवात १०० पैकी ४० किलो तरंगला आणि त्यात राख शेकडा ११ निघाली. १.५ च्या द्रवात ६० किलो तरंगला, राख १६. १.६ च्या द्रवात ७५ किलो तरंगला, राख २०. आता कारखानदाराने काय करावे? फार स्वच्छतेचा हट्ट धरला, तर अर्ध्याहून अधिक कोळसा टाकून द्यावा लागतो. सगळाच घ्यायचा म्हटले, तर राख फार. ह्या दोहोंच्या मध्ये कोठे थांबायचे, हे ठरवणे हेच ह्या कामातील खरे कौशल्य. युरोपातील अनेक खाणींत कोळसा आणि दगड एकमेकांपासून स्पष्ट वेगळे असतात, म्हणून तेथे हा प्रश्न तितका बिकट नसतो. आपल्याकडे माती कणाकणांत मुरलेली असल्यामुळे बरेच तुकडे धड कोळसा नव्हेत आणि धड दगडही नव्हेत, असे अधांतरीचे असतात.

कोळसा धुण्याच्या कारखान्यांना वॉशरी म्हणतात. साबणाने कपडे धुतात तसे हे धुणे नव्हे. तुमच्या घरी आई तांदूळ रोळते, तेव्हा ती काय करते? पाण्यात तांदूळ हलवते. हलके तांदूळ वर राहतात आणि खडे तळाशी बसतात. वॉशरीतील एका यंत्रात नेमके हेच होते. जाळीवर कोळशाचा थर असतो आणि खालून पाणी वर उसळते, ओसरते, पुन्हा उसळते. थोड्याच वेळात हलका कोळसा वरच्या बाजूस आणि दगड खालच्या बाजूस जमतो.

ह्याहून अचूक रीत जड द्रवाची आहे. मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाची अत्यंत बारीक भुकटी पाण्यात मिसळली, की ते पाणी जड द्रवासारखे वागते. भुकटी कमीअधिक करून हवा तितका जडपणा आणता येतो. त्यात कोळसा तरंगतो आणि दगड बुडतो. नंतर दोन्हींवर पाणी मारून चिकटलेली भुकटी धुऊन काढतात. मॅग्नेटाइटला लोहचुंबक ओढून घेतो. म्हणून ती भुकटी चुंबकाने वेगळी काढून पुन्हा वापरतात.

अगदी बारीक कोळसा मात्र ह्या दोन्ही रीतींना दाद देत नाही. त्याच्यासाठी ताक घुसळण्यासारखी युक्ती योजतात. कोळशाच्या कणाला तेल आवडते, मातीच्या कणाला पाणी. ह्या गाळात थोडे तेल आणि फेस आणणारे द्रव्य घालून हवेचे बुडबुडे सोडले, की कोळशाचे कण बुडबुड्यांना चिकटून लोण्यासारखे वर येतात आणि माती पाण्यातच राहते. वरचा काळा फेस काढून घेतात, गाळतात आणि सुकवतात.

अशा प्रकारे वॉशरीतून तीन जिन्नस बाहेर पडतात. स्वच्छ कोळसा कोकभट्टीकडे जातो. अधांतरीचा, मध्यम कोळसा वीजकेंद्रात जाळण्यासाठी देतात. उरतो तो दगड आणि गाळ. हा गाळ मिसळलेले पाणी पूर्वी अनेकदा नदीत सोडले जाई आणि दामोदरचे पाणी काळवंडे. गाळ टाक्यांत आणि तळ्यांत बसू देऊन पाणी पुन्हा वापरणे, हा त्यावरचा उपाय होय. एक वस्तू स्वच्छ करताना दुसरी घाण करू नये, हे भान वॉशरीला ठेवावे लागते.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की भारतात कोळसा पुष्कळ असला, तरी कोक होण्याजोगा कोळसा त्यामानाने थोडा आहे आणि त्याचा मोठा भाग झरियाच्या लहानशा क्षेत्रात एकवटलेला आहे. अनेक वर्षे ह्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. जो कोळसा पोलादासाठी राखून ठेवायला हवा होता, तो आगगाडीच्या इंजिनांत जाळला गेला. वरचे, कमी राखेचे थर आधी संपू लागले. १९१६ सालापासून झरियात जमिनीखाली आगी लागल्याची नोंद आहे. त्या आगींत कितीतरी चांगला कोळसा जळून गेला आणि वर राहणाऱ्या लोकांची घरेही धोक्यात आली.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९५० साली धनबादजवळ डिगवाडी येथे केंद्रीय इंधन संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. कोणत्या थरातील कोळसा किती फुगतो, किती धुतला जातो, हे तेथे तपासले जाऊ लागले. २००७ साली ही संस्था खाण संशोधन संस्थेत विलीन झाली आणि ते काम आता नव्या नावाने चालू आहे. १९५२ साली कोळशाचे जतन आणि खाणींतील सुरक्षितता ह्यांसाठी संसदेने कायदा केला. १९५९ साली भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूर येथील झोतभट्ट्या पेटल्या, तेव्हा कोकची गरज एकदम वाढली, आणि दामोदर खोऱ्यात एकामागून एक वॉशऱ्या उभ्या राहिल्या. १९७१ साली कोक होण्याजोग्या कोळशाच्या खाणींचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले आणि १९७२ साली त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. तरीही गरज भागत नाही. दरवर्षी पाच कोटी टनांहून अधिक कोळसा, बराचसा ऑस्ट्रेलियातून, जहाजांनी आणावा लागतो. कमी राखेचा हा कोळसा आणि आपला धुतलेला कोळसा योग्य प्रमाणात मिसळून कोक करतात. म्हणून आपल्या वॉशरीत वाचलेला प्रत्येक टन म्हणजे परदेशातून कमी आणावा लागणारा एक टन होय.

कोक तयार झाला, तरी परीक्षा संपत नाही. पन्नास किलो कोक लोखंडी पिंपात घालून ते पिंप शंभर वेळा फिरवतात. कोकचे तुकडे वर जातात, आदळतात, पुन्हा वर जातात. शेवटी चाळून पाहतात, की चाळीस मिलिमीटरहून मोठे तुकडे किती टिकले आणि दहा मिलिमीटरहून बारीक भुगा किती झाला. टिकलेले तुकडे पुष्कळ आणि भुगा थोडा, तरच तो कोक झोतभट्टीचे ओझे पेलण्यास योग्य ठरतो. खाणीत नमुना नीट घेतला नसेल, प्रयोगशाळेत सात मिनिटांऐवजी पाच मिनिटांतच मूस बाहेर काढली असेल किंवा वॉशरीत द्रवाचा जडपणा सांभाळला नसेल, तर त्याचा जाब ह्या पिंपात मिळतो. आणि येथेही कोणी डोळेझाक केली, तर तो झोतभट्टीत मिळतो.

मुलांनो, रेल्वेचे रूळ, पुलाच्या तुळया, शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ आणि तुमच्या कंपासपेटीतील कर्कटक ह्या वस्तू आपण रोज पाहतो. त्यांतील बहुतेक लोखंड कोकच्या भट्टीतून आलेले असते. ते गाळणाऱ्या भट्टीचा उजेड दुरूनही दिसतो आणि सर्वांना दिपवतो. परंतु त्या भट्टीपासून दूर, एका खोलीत, कोणीतरी माणूस तराजूपुढे बसून ग्रॅमभर काळी भुकटी तोलत असतो. तिच्यात जेवढी राख निघेल, तेवढीच तो वहीत लिहितो. एक दाणा कमी नाही आणि एक दाणा जास्त नाही. पोलादाच्या कामाची सुरुवात त्याच्या त्या नोंदीपासून होते.